रिंग दुहेरी, वीज मात्र एकेरी

औद्योगिक नेटवर्कवरचे शोधनिबंध तुम्ही वाचायला घेतलेत, की एक आकृती पुन्हा पुन्हा दिसेल. मध्ये पीएलसी, भोवती स्विचची रिंग, सगळीकडे डेटाच्या रेषा. या सगळ्यांना वीज कुठून येते? त्याची रेषाच नाही. माझी तक्रार त्या गाळलेल्या रेषेबद्दल आहे.

आयईसी ६२४३९-२ मधला एमआरपी घ्या. ५० स्विचपर्यंतच्या रिंगमध्ये एखादी केबल तुटली, तर ५०० मिलिसेकंदांच्या आत नेटवर्क सावरतं. पण ही हमी एका वेळी एकाच तुटीची. आता रिंगमधले समोरासमोरचे दोन स्विच एकाच २४ व्होल्टच्या सप्लायवर आहेत असं धरा. तो सप्लाय गेला की रिंगचे दोन तुकडे! सिम्युलेशनमध्ये फक्त केबलच तोडून बघितली असेल, तर हे दिसणार कसं?

दुसरा मुद्दा अंतराचा. समजा, शिरूर तालुक्यातल्या रांजणगाव एमआयडीसीत एका लांबलचक शेडमध्ये पॅनेलपासून १०० मीटरवर रिमोट आय/ओ बसवायचा आहे, लोड १ अँपिअर. वायर तांब्याची, ०.७५ चौरस मिमी. जाऊन-येऊन २०० मीटर, म्हणजे रोध साधारण ४.७ ओहम. तेवढे व्होल्ट वाटेतच गेले, टोकाला उरले १९.३. आयईसी ६११३१-२ प्रमाणे किमान २०.४ हवेत. अडीचची वायर टाकली, तर २२.६ मिळतात. गणित शाळेतलंच आहे, पण निबंधात ते सापडत नाही.

दौंड तालुक्यातल्या कुरकुंभला रासायनिक कारखाने आहेत. अशा ठिकाणी स्फोटक वायूचा धोका असेल, तर नुसती वायर जाड करून भागत नाही. ठिणगी पेटू नये म्हणून आत जाणारी ऊर्जाच मर्यादित ठेवावी लागते. प्रोफिबस पीएमध्ये डेटा आणि वीज एकाच जोडवायरीतून जातात. त्यामुळे एका सेगमेंटवर किती उपकरणं बसतील, हे बऱ्याचदा वीजच ठरवते.

कुठलंही मॉडेल काहीतरी गाळतंच, हे मान्य. पण मग ‘सप्लाय कायम चालू धरला आहे’ असं स्पष्ट लिहा ना! ते न लिहिता ‘विश्वासार्ह’ म्हणणं हा अर्धाच दावा झाला.

तुमच्या प्रबंधात नेटवर्कच्या आकृतीशेजारी सप्लायची आकृती काढा. मग एकेक सप्लाय खोडा आणि काय उरतं ते बघा.