जे सिंक होतं, तेच आठवतं

ई-बुकमध्ये रेघ मारायला कष्ट पडत नाहीत. बोट दाबून ओढलं की वाक्य पिवळं होतं. त्यामुळे आपण भरपूर रेघा मारतो आणि त्यांच्याकडे क्वचितच परत फिरकतो. ही अडचण सोडवणाऱ्या सॉफ्टवेअरचा आता एक बाजारच उभा राहिला आहे. तुमचे हायलाइट आपोआप उचलायचे आणि तुमच्या नोंदींच्या ॲपमध्ये नेऊन ठेवायचे, हे त्यांचं काम. त्यांची तुलना करणारे व्हिडिओ ढिगानं सापडतात. किती ॲप जोडता येतात, किती क्लिक लागतात, महिन्याला किती पैसे पडतात, हे त्यांत व्यवस्थित सांगितलेलं असतं.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका ठिकाणचा डेटा दुसऱ्या ठिकाणी नेणारा कोड लिहिणं हा माझा रोजचा धंदा. म्हणून अशी कुठलीही पाइपलाइन दिसली की माझा पहिला प्रश्न असतो, हिच्यात काय शिरतच नाही? मराठी वाचणाऱ्या माणसासाठी याचं उत्तर बरंचसं 'मराठी' असं आहे. तुलनेच्या व्हिडिओंत हा रकानाच नसतो.

सगळ्यांत जास्त नाव घेतलं जातं ते रीडवाइजचं. किंडल, ॲपल बुक्स अशा ठिकाणचे हायलाइट ते गोळा करतं आणि ऑब्सिडियन, नोशन किंवा लॉगसेकमध्ये पाठवतं. शिवाय जुन्यातले काही निवडून रोज तुमच्यासमोर ठेवतं. सेवा विकत घ्यावी लागते, पण चालते छान. मात्र ती किंडलचे हायलाइट उचलते कुठून, हे बघा. ॲमेझॉनचं एक वेबपान आहे, त्यावर तुमच्या खात्यातल्या पुस्तकांच्या रेघा दिसतात. ब्राउझरचं एक्स्टेन्शन तिथून त्या वाचतं. किंडल स्टोअरमधून विकत घेतलेलं पुस्तक असेल तर काम झालं. तुम्ही स्वतः चढवलेली फाइल त्या पानावर येत नाही. विकत घेतलेल्या पुस्तकालाही प्रकाशकानं ठरवलेली मर्यादा असते. तिच्यापुढच्या रेघा पुस्तकात दिसतात, पण बाहेर नेता येत नाहीत.

किंडलवर मराठी पुस्तकं २०१६च्या डिसेंबरपासून अधिकृतपणे आली. तेव्हा मराठी या पाइपलाइनमध्ये अजिबात नाही, असं म्हणता येणार नाही. पण आपण मराठी वाचतो कुठे? वाचनालयाच्या पुस्तकात, दिवाळी अंकात, मित्रानं पाठवलेल्या पीडीएफमध्ये, वेबसाइटवर. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळानं आपली कितीतरी पुस्तकं पीडीएफ करून मोफत ठेवली आहेत. ही खरोखरच मोठी सोय आहे. पण जुन्या पुस्तकांच्या पीडीएफ पुष्कळदा निव्वळ पानांचे फोटो असतात. फोटोतल्या वाक्यावर पिवळा पट्टा ओढता येतो, पण त्याखाली अक्षरंच नसतात.

अक्षरं असली तरी भरवसा नाही. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडची छपाई श्री-लिपी, कृतिदेव अशा फॉन्टांवर चालायची आणि काही ठिकाणी अजूनही चालते. या जुन्या फॉन्टांत पडद्यावर 'क' दिसतो, पण फाइलमध्ये रोमन अक्षर किंवा एखादं चिन्ह साठवलेलं असतं. अशा पीडीएफमधलं सुंदर वाक्य कॉपी करून नोंदीत चिकटवलं की तिथे कचरा उमटतो. सिंक करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या दृष्टीनं सगळं सुरळीत पार पडलेलं असतं. अक्षरं आली, अक्षरं गेली.

युनिकोडमध्येही एक खाचखळगा उरतोच. 'ॲप'मधला 'ॲ' दोन तऱ्हांनी लिहिला जातो. एकतर त्याचं स्वतःचं स्वतंत्र अक्षर, नाहीतर 'अ'वर चंद्र देऊन. 'वाऱ्यावर' किंवा 'तऱ्हा' यांतला अर्धा र नुक्तावाल्या 'ऱ'पासून बनवता येतो, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरूनही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, कॉम्प्युटरला मात्र वेगळे. पुस्तकात एक रूप आणि तुमच्या कीबोर्डवर दुसरं असलं, की नोंद समोर असूनही साधा शोध ती सापडू देत नाही.

यावर कोणी म्हणेल, या तांत्रिक कुरबुरी आहेत, यात एवढं काय? मला वाटतं, यात बरंच काही आहे. नोंदींचं ॲप ही आपल्या वाचनाची स्मृती होत चालली आहे. लेख लिहायला बसलो की आपण आधी तिथे शोधतो. रोज सकाळी जुनी वाक्यं समोर येतात तीही तिथूनच. जे आत शिरलं तेच परत येणार. माझ्याच ऑब्सिडियनमध्ये इंग्रजी हायलाइट शेकड्यांनी आहेत. ज्या मराठी पुस्तकांनी मला घडवलं, त्यांच्या नोंदी बोटांवर मोजण्याइतक्या. कोणी तिऱ्हाईतानं तो फोल्डर उघडला तर त्याला वाटेल, ही बाई मराठी जवळजवळ वाचतच नाही. आणखी दहा वर्षांनी मलाही तसंच वाटू लागेल, ही खरी भीती. कुठली भाषा आपल्या विचारात संदर्भ म्हणून जिवंत राहणार, हे अशा वेळी आवडीवर ठरत नाही. कशाला एक्स्टेन्शन आहे, यावर ठरतं.

म्हणून सॉफ्टवेअर निवडताना माझा निकष साधा आहे. शेवटी माझ्या हातात काय राहतं? ऑब्सिडियन या कसोटीला उतरतं, कारण त्यातल्या नोंदी म्हणजे माझ्याच डिस्कवरच्या साध्या मजकुराच्या मार्कडाउन फाइली. ॲप उद्या बंद पडलं तरी त्या उघडतील. किंडलच्या यंत्रात 'माय क्लिपिंग्ज' नावाची एक टेक्स्ट फाइल असते. यूएसबीची केबल लावली की मिळते. बाहेरून चढवलेल्या पुस्तकांच्या रेघाही तिच्यात उतरतात. फाइल ओबडधोबड आहे. दोन नोंदींच्या मध्ये दहा बरोबर-चिन्हांची ओळ, आणि एखादी रेघ तुम्ही वाढवलीत तर जुनी आणि नवी दोन्ही शिल्लक. पण ती तुमची असते. रीडवाइजमध्येही ती हातानं चढवता येते.

त्याहून मोकळा रस्ता केओरीडरचा. हे मुक्त सॉफ्टवेअर अँड्रॉइड फोनवर आणि कोबोवर चालतं. पुस्तक कुठून आणलंत हे विचारत नाही. रेघा मार्कडाउनमध्ये बाहेर काढून देतं. दिसायला रुक्ष आहे, सेटिंग्जचं जंगल आहे, पहिल्या दिवशी वैताग येतो. तरी मराठी ईपब वाचणाऱ्याला मी आधी तेच सुचवेन.

राहिली छापील पुस्तकं. फोनमधल्या गूगल लेन्सनं पानाचा फोटो काढून देवनागरी मजकूर उचलता येतो. जोडाक्षरं तपासून घ्यावी लागतात. किंवा सरळ टाइप करावं. टाइप करताना वाचन आपोआप खोल होतं, असं काही मी म्हणणार नाही. टंकलेखन म्हणजे तपश्चर्या नव्हे, आणि मराठीसाठी कायम कष्टच उपसायचे हा काही न्याय नाही. पण एक फरक जाणवतो. हातानं घातलेली नोंद छोटी असते, आणि हे वाक्य का घेतलं याची एक ओळ तिच्याखाली सहसा असते. आपोआप आलेल्या शेकडो हायलाइटांखाली ती ओळ नसते. 'का'चा सिंक अजून कोणी बनवलेला नाही.

तेव्हा पैसे भरण्याआधी एक चाचणी घ्या. तुम्ही खरोखर वाचत असलेलं एक मराठी पुस्तक घ्या. 'ॲ' आणि 'ऱ्या' असलेलं एखादं वाक्य त्यात शोधा आणि त्यावर रेघ मारा. ते नोंदींच्या ॲपपर्यंत पोचतं का, अक्षरं शाबूत राहतात का आणि स्वतःच्या कीबोर्डवर टाइप करून शोधल्यावर सापडतं का, हे पाहा. तिन्हींना 'हो' आलं तर खुशाल वर्गणी भरा. नाही आलं, तर ते सॉफ्टवेअर तुमच्या अर्ध्याच वाचनासाठी आहे हे समजून वापरा, आणि उरलेल्या अर्ध्यासाठी त्याच फोल्डरमध्ये आजच एक रिकामी फाइल उघडून ठेवा.