बेस गिटार: पाचवी तार खरंच लागते का?

नांदेड-लातूरकडं कुणी पहिली बेस गिटार घ्यायला निघालं की सल्ला ठरलेला असतो: "पाच तारांचीच घे, पुढं कामाला येईल." हा सल्ला मला पटत नाही. का, ते आकड्यांतच पाहू.

1951 साली आलेली फेंडर प्रिसिजन चार तारांची होती: ई, ए, डी, जी. सगळ्यात खालचा ई म्हणजे 41 हर्ट्झ. पाचवी तार बी, साधारण 31 हर्ट्झ. लांबी आणि ताण तेवढाच ठेवून इतकं खाली उतरायचं तर तार सुमारे 1.8 पट जड हवी. जाड तार ताठ असते, तिचे उपस्वर जागचे थोडे वर सरकतात आणि सूर गढूळ वाटतो. म्हणून काही कारागीर 34 ऐवजी 35 इंचांची लांबी ठेवतात. स्वस्तातल्या पाच-तारीत बहुतेक वेळा हीच तार सगळ्यात ढिली वाजते. त्यात लहान स्पीकर 31 हर्ट्झ नीट देतच नाही. 62 आणि 93 चे उपस्वर ऐकून आपला मेंदूच तो खर्ज भरून काढतो.

आता आपल्या गाण्याकडं या. गायक काळी एकमध्ये गातोय असं धरा. पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज षड्ज तिथं 69 हर्ट्झवर येतो. हा सूर चार-तारीत ए तारेच्या चौथ्या पडद्यावर आहे, आणि त्याखालचा पंचम (52 हर्ट्झ) ई तारेच्या चौथ्या पडद्यावर. म्हणजे तंबोऱ्याच्याही खाली जाता येतं. मग कमी काय पडतं?

पाचवी तार वायाच जाते असं मात्र नाही. कीबोर्डवर बांधलेल्या गाण्यांचा बेस ईच्या खाली उतरतो, गायक ऐनवेळी पट्टी बदलतो. तिथं ती हात वाचवते. रोज असं काम असेल तर जरूर घ्या. अँथनी जॅक्सन यांनी सहा तारांची बेस मागितली, पण आधी त्यांना तसं वाजवायचं होतं. जेम्स जेमरसन यांनी मोटाऊनचा अख्खा काळ चारांवर काढला.

आणि माहूर तर जवळच आहे. गोंधळातल्या तुणतुण्याला एकच तार, तरी रात्र निघते. आधी काम ठरवा, मग तारा मोजा. उरलेल्या पैशात बरा ॲम्प येतो, फरक तिथं जास्त ऐकू येईल.