समीक्षक आणि अध्यापक : गजानन माधव मुक्तिबोध

दौलतराव शिंदे यांच्या छावणीने १८१० साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याजवळ तळ दिला आणि त्या छावणीचेच पुढे लष्कर हे शहर झाले. शिंदे संस्थानाच्या या राजधानीमुळे माळव्यात व आसपास मराठी कुटुंबे स्थिरावली. घरात मराठी व बाहेर हिंदी, असे त्यांचे जीवन होते. याच संस्थानातील श्योपूर येथे १३ नोव्हेंबर १९१७ रोजी गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म झाला. वडील संस्थानच्या पोलीस खात्यात होते. १९४३ च्या 'तार सप्तक' या हिंदी संग्रहातील सात कवींपैकी मुक्तिबोध आणि ग्वाल्हेरला जन्मलेले प्रभाकर माचवे हे दोघे मराठी घरातले होते, ही बाब लक्षणीय आहे.

मुक्तिबोधांची कवी म्हणून ख्याती मोठी आहे. परंतु त्यांचे समीक्षाकार्यही तितकेच मोलाचे आहे. 'एक साहित्यिक की डायरी' मध्ये त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले. जीवनातील उत्कट अनुभव हा पहिला क्षण. तो अनुभव व्यक्तिगत वेदनेपासून सुटून कल्पनारूप घेतो, हा दुसरा. त्या रूपाला शब्द मिळू लागतात आणि शब्द मिळता मिळता ते रूपही बदलते, हा तिसरा. वर्गात कविता शिकविताना केवळ आशय सांगून थांबणाऱ्या अध्यापकाला हे विवेचन आजही उपयुक्त आहे.

'कामायनी : एक पुनर्विचार' (१९६१) या ग्रंथात त्यांनी जयशंकर प्रसादांच्या महाकाव्याचा प्रस्थापित अर्थ नाकारला. मनू हा अखिल मानवजातीचा प्रतिनिधी नसून एका ऱ्हासशील वर्गाचे मन त्याच्यात दिसते, असे त्यांनी मांडले. या मांडणीत काव्याच्या शब्दसौंदर्याला कमी जागा मिळते, हे मान्य करावे लागेल. तथापि आदरणीय ग्रंथालाही प्रश्न विचारता येतो, हा धडा त्यातून मिळतो.

त्यांचे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध नागपुरात मराठीचे प्राध्यापक होते. 'सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य' या ग्रंथास १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. साहित्याचे मूल्य मानुषतेत शोधणारे हे बंधू आणि अनुभवाच्या सामाजिक मुळांकडे जाणारे गजानन यांची भाषा वेगळी, पण चिंता एकच होती. दोघांना एकत्र वाचण्याचे काम मराठी समीक्षेने फारसे केलेले नाही.

१९५८ पासून मुक्तिबोध राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत होते. विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर १९६२ साली मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा आघात त्यांना जिव्हारी लागला. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले; 'चाँद का मुँह टेढ़ा है' हा पहिला स्वतंत्र काव्यसंग्रह त्यांना पाहता आला नाही.

महानगरापासून दूर, लहान गावातील महाविद्यालयात राहूनही मूलगामी समीक्षा लिहिता येते, हे त्यांनी सिद्ध केले. पाठ्यपुस्तक लिहिणे हेही विचाराचेच काम आहे आणि त्याची किंमत मोजावी लागू शकते, हे त्यांच्या चरित्रातून अध्यापकांनी ध्यानी घ्यावे.