शनिवारचे पाहुणे

आमच्या महिला मंडळातली एखादी बाई इटली पाहून आली की पहिल्यांदा चीजचं सांगते. परमेसान आपल्याला चालत नाही, त्यासाठी वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात, हे आता आमच्याकडे शाळकरी पोरीलाही पाठ आहे. "पास्त्यावर पांढरं भुरभुरवायच्या आत हात आडवा धरायचा," असा सल्ला जाणारीला मिळतो. चीजचं झालं की फोटो निघतात. टेकडी, सुरूसारखी उभी झाडं, दगडी घर, खिडकीत लाल फुलं. आणि मग कोणीतरी म्हणतंच, "असं एक घर घ्यावं आणि तिथेच राहावं बाई!"

या इच्छेला हसायचं कारण नाही. माझ्याही मनात ती होती, आणि ती एका पुस्तकाने घातली होती. फ्रान्सिस मेज या अमेरिकन कवयित्रीचं 'अंडर द टस्कन सन' १९९६ साली आलं. कोर्तोना गावाजवळ तिने 'ब्रामासोले' नावाचं पडीक जुनं घर विकत घेतलं, ते दुरुस्त केलं, त्याची ही हकीकत. २००३ मध्ये त्यावर सिनेमाही निघाला. पुस्तक चांगलं आहे, हे आधी सांगते. भिंतीचा पोपडा काढावा आणि खालचं चित्र निघावं, विहिरीला पाणी आहे की नाही याची धास्ती वाटावी, ऑलिव्हची झाडं मोजावीत, हे ती इतक्या मनापासून लिहिते की वाचताना हाताला चुना लागतो. मधे मधे स्वयंपाकाच्या कृती आहेत. त्यांतल्या निम्म्या मला निषिद्ध, तरी वाचल्या. बाईचा जीव घरात कसा गुंततो, हे तिला कळलेलं आहे.

पण दुसऱ्यांदा वाचताना मला खटकलं ते निराळंच. त्या घराची भिंत बांधायला पोलंडहून आलेले मजूर आहेत. मेजही त्या गावात परकी, तेही परके. ती त्यांच्याबद्दल आपुलकीनेच लिहिते. पण ती तिथे 'राहायला' आलेली, आणि ते 'कामाला' आलेले. तिचं परकेपण पुस्तक होतं, त्यांचं परकेपण त्या पुस्तकातला एखादा परिच्छेद होतो.

आम्हा हैदराबादकरांना हा फरक नवा नाही. कोठीला ती खांबांची देखणी इमारत आहे, जिथे पुढे महिला कॉलेज आलं. ती ब्रिटिश 'रेसिडेंट'ची. रेसिडेंट म्हणजे नुसता राहणारा. पण निझामाच्या या शहरात अरब आले, पठाण आले, मराठवाड्यातून आमच्यासारखी माणसं आली, सगळे राहिलेच ना? रेसिडेंट मात्र एकालाच म्हणत. कोणाला रहिवासी म्हणायचं आणि कोणाला नुसतं 'बाहेरून आलेला', हे त्याच्या मागे कोण उभं आहे त्यावर ठरतं.

याची जाण असलेली लेखिका म्हणून मी झुंपा लाहिरीकडे येते. बंगाली आईबापांची ही अमेरिकेत वाढलेली मुलगी. इंग्रजीत मोठं नाव झाल्यावर २०१२ मध्ये घरच्यांना घेऊन रोमला राहायला गेली आणि चक्क इटालियनमध्ये लिहू लागली. २०१५ च्या 'इन आल्त्रे पारोले' या पुस्तकात तिने सालेर्नोच्या एका दुकानातला प्रसंग सांगितला आहे. ती विक्रेतीशी व्यवस्थित इटालियनमध्ये बोलते. मग नवरा येतो, चार शब्द बोलतो. विक्रेती म्हणते, तुमचे यजमान इटालियनच असणार, किती छान बोलतात! भाषा शिकण्यात वर्षं घालवलेली हिने, आणि शाबासकी त्याला, कारण त्याचा चेहरा तिथला वाटतो. माझं तेलुगू तोडकंमोडकं, पण चुकांबद्दल मला कोणी हसत नाही; "तुम्ही कुठल्या?" एवढं मात्र या शहरात हयात काढूनही विचारतात. त्यामुळे तो प्रसंग मला समजावून सांगावा लागला नाही.

मात्र लाहिरीची जी गोष्ट मला हलवून गेली ती वेगळी. 'इल कोन्फीने', म्हणजे हद्द, सीमा. तिनेच केलेला तिचा इंग्रजी अनुवाद २०१८ मध्ये 'न्यूयॉर्कर'मध्ये आला आणि मूळ गोष्ट २०२२ च्या 'राक्कोन्ती रोमानी' या संग्रहात आहे. खेड्यात एक घर सुट्टीसाठी भाड्याने दिलं जातं. दर शनिवारी नवं कुटुंब येतं. ते घर राखणारं एक परदेशातून आलेलं कुटुंब शेजारच्या घरात राहतं. गोष्ट सांगते त्या राखणदाराची मुलगी. आई कोणा म्हाताऱ्याच्या सेवेला बाहेरगावी गेलेली, म्हणून घर दाखवायचं काम हिच्याकडे. या खेपेला आईबाप आणि दोन मुली आल्या आहेत. त्यांतली आई निसर्ग पाहून हरखते, शांततेचं कौतुक करते आणि मधूनमधून वहीत काहीतरी लिहिते.

मुलगी फारसं बोलत नाही, नुसतं पाहते. गोष्ट बरीच पुढे गेल्यावर सहज सांगितल्यासारखं सांगते की बाबा पूर्वी शहरात फुलं विकायचे. एका रात्री पोरांनी त्यांना मारलं, दात गेले, तेव्हापासून त्यांना नीट बोलता येत नाही. बस्, एवढंच. लाहिरी इथे एकही हुंदका घालत नाही. पाहुण्या बाईला जी शांतता आवडते तिच्यामागे एका माणसाचं तोंड बंद झालेलं आहे, हे आपलं आपल्याला कळतं. शेवटी पाहुणे जातात, मुलगी घर आवरते. मागे राहिलेल्या सामानाच्या याद्यांवर तिला त्या बाईचं बारीक अक्षर दिसतं, आणि त्याच अक्षरात त्या बाईने आपल्याबद्दलही सगळं लिहून नेलंय, हे ती जाणते.

पाहुण्या बाईत लाहिरीने स्वतःलाच उभं केलं असावं, असं मला वाटतं. लेखिकेने आपल्याच वहीकडे असं तिरकं पाहावं, हे मेजच्या पुस्तकात कुठेच होत नाही.

एक तक्रार मात्र आहे. लाहिरी कोणालाच नाव देत नाही. ना माणसाला, ना गावाला, ना त्या कुटुंबाच्या मूळ देशाला. ही तिची रीत आहे, आणि त्यामुळे गोष्ट कुणाचीही होऊ शकते, हे खरं. पण कुणाचीही झाली की कुणाचीच न होण्याचा धोका असतो. इटलीच्या खेड्यांतल्या परक्यांना नावं आहेत, आणि त्यांतली पुष्कळ आपल्याकडची आहेत. पो नदीच्या खोऱ्यातल्या गोठ्यांमध्ये पहाटे आणि संध्याकाळी गाईंचं दूध काढणारे किती तरी जण पंजाबी शीख आहेत. त्याच भागातल्या नोवेल्लारा गावी २००० साली मोठा गुरुद्वारा उघडला, तोही रोमानो प्रोदींच्या हस्ते. रोमच्या दक्षिणेला लातीना जिल्ह्यात हजारो पंजाबी भाजीपाल्याच्या शेतांत राबतात. एप्रिल २०१६ मध्ये मजुरीसाठी त्यांनी संप केला. आणि जून २०२४ मध्ये तिथेच एका तरुण शेतमजुराचा हात यंत्रात सापडून तुटला. त्याला दवाखान्यात न नेता घराबाहेर सोडून दिलं, तुटलेला हात फळांच्या पेटीत ठेवून. दोन दिवसांनी तो गेला.

ही बातमी वाचल्यावर मला आमचं परमेसान आठवलं. चीजमध्ये वासरू आहे का, हे आम्ही काटेकोर विचारतो. विचारायलाच हवं, त्यात मी काडीची सूट मागत नाही. पण ते दूध कोणी काढलं, तो कुठे झोपतो, त्याला काय मिळतं, हे आमच्यापैकी एकीनेही कधी विचारलेलं मला आठवत नाही. आपल्याकडे हिंसा तीन प्रकारे लागते असं लहानपणीच शिकवतात: कृत, कारित, अनुमोदित. स्वतः केलेली, करवलेली, आणि दुसऱ्याने केलेल्याला मान डोलावलेली. सुंदर वर्णन हीसुद्धा एक अनुमोदनाच असू शकते, हे मला कुठल्या प्रवचनात नाही, लाहिरीच्या त्या गोष्टीत कळलं.

आता माझं सांगते. चेवेळ्ळाच्या बाजूला ओळखीतल्यांचं एक फार्महाऊस आहे. मंडळाची सहल तिथे जाते. काही वर्षांपूर्वी मी त्यावर एक लेख लिहिला होता, समाजाच्या अंकात छापून आला, पुष्कळांनी फोन केले. लेखात चिंचेचं झाड होतं, संध्याकाळ होती, आणि 'निःशब्द शांतता' हे शब्द दोनदा होते. फाटक उघडणारी, पाण्याचे जग आणून ठेवणारी वॉचमनची मुलगी त्यात एका वाक्यात होती, 'हसऱ्या डोळ्यांची' म्हणून.

'इल कोन्फीने' वाचली आणि तो लेख काढून पुन्हा वाचला. वाईट नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. या पुस्तकात तो घ्यायचा ठरलं होतं, तो काढला आणि त्या जागी हा घातला.

मागच्या खेपेला आम्ही गेलो तेव्हा ती मुलगी आता नववीत होती. बायका जेवणाची पानं मांडत होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि माझ्या मोडक्या तेलुगूत म्हटलं, "इथे किती शांत आहे नाही?" सवय, दुसरं काय!

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. म्हणाली, "कुठे हो अम्मा! रात्रभर कुत्री भुंकतात. झोपच लागत नाही."