शिलालेखाचा दुसरा भाग

गेल्या फेब्रुवारीत नॉम पेन्हहून बांतेय छमारपर्यंतचा प्रवास मी सात दिवसांत, रस्त्याने आणि मार्गदर्शकाच्या सोबतीने केला. निघण्यापूर्वी हाती पडलेली कार्यक्रमपत्रिका दोन पानांची होती. तिच्यात जवळजवळ प्रत्येक दिवसाची विभागणी सारखीच होती : सकाळी ‘वारसा’, दुपारनंतर ‘ग्रामजीवन’. सकाळी साम्बोर प्रेई कुकची विटांची देवळे, दुपारी बैलगाडीतून फेरी. सकाळी बायोन, दुपारी ताडाचा गूळ करणारे कुटुंब. परतल्यावर प्रवासवर्णन लिहायचे मनात होते. टिपणे चाळताना मात्र लक्षात आले, की मला सतत काहीतरी खटकत होते आणि त्याचे मूळ त्या दोन पानांत होते. म्हणून या लेखात मी ती पत्रिकाच एक संहिता म्हणून वाचणार आहे : तिची रचना कुठून आली, ती काय जोडते, काय तोडते आणि त्या तोडण्याची किंमत कोण देते.

कार्यक्रमपत्रिकेला संहिता म्हणणे काहींना अतिशयोक्तीचे वाटेल. पण अंगकोरच्या बाबतीत फेरीचा मार्ग हाच बहुसंख्य लोकांनी वाचलेला एकमेव इतिहास असतो. सयामने १९०७ मध्ये हा प्रदेश फ्रेंच संरक्षणाखालील कंबोडियाला परत दिला आणि ‘एकोल फ्रांसेज देक्स्ट्रेम ओरिएंट’ या संस्थेकडे देवळांची देखभाल आली. पुढे प्रवाशांसाठी ‘लहान फेरी’ आणि ‘मोठी फेरी’ असे दोन मार्ग रूढ झाले. ते शब्द आजही प्रत्येक रिक्षावाल्याच्या तोंडी आहेत. या मार्गांनी देवळांना क्रम दिला, त्यांच्यामधल्या गावांना मात्र फक्त अंतर मानले. ‘ग्रामजीवन’ हा आजचा नवा रकाना त्या अंतरातूनच निर्माण झाला आहे.

पहिला मुक्काम कम्पाँग थॉमजवळचे साम्बोर प्रेई कुक. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात ईशानवर्म्याची राजधानी ईशानपूर इथे होती. झाडीत विखुरलेली विटांची देवळे, त्यांपैकी काही अष्टकोनी, आणि भिंतींवर कोरलेले ‘उडते प्रासाद’. २०१७ मध्ये हे स्थळ जागतिक वारसा यादीत आले. आमचा मार्गदर्शक चाळिशीचा, जाणकार माणूस होता. गटात भारतीय आहेत हे पाहून त्याने बोलण्याचा सूर बदलला. ईशान म्हणजे शिव, वर्मन म्हणजे रक्षण करणारा, हे सगळे तुमच्याकडूनच आले, असे तो सांगू लागला आणि आम्ही माना डोलावल्या. देवळांच्या आसपास जमिनीत काही गोल खड्डे आहेत. १९७० च्या दशकातल्या अमेरिकी बाँबफेकीचे ते खड्डे. ते त्याने दाखवले, पण जाता जाता. खड्डे ना वारशात बसत होते, ना ग्रामजीवनात.

इथे आपल्याकडच्या वाचनाबद्दलही बोलले पाहिजे. १९२६ मध्ये कलकत्त्यात ‘ग्रेटर इंडिया सोसायटी’ स्थापन झाली आणि रमेशचंद्र मजुमदारांसारख्या इतिहासकारांनी आग्नेय आशियाकडे बृहत्तर भारत म्हणून पाहण्याची दृष्टी रूढ केली. त्या संशोधनाचे ऋण मोठे आहे. पण त्या दृष्टीने ख्मेर शिलालेखाचा एकच भाग नीट वाचला. कंबोडियातले अनेक लेख द्विभाषिक आहेत. आधी संस्कृत श्लोक : देवाची स्तुती, राजाची वंशावळ, यमक, श्लेष. त्यानंतर ख्मेर गद्य : कोणते शेत, त्याच्या सीमा, किती गुरे, देवळाला किती तांदूळ आणि कोणकोणती माणसे. ख्मेर भाषेतला कालोल्लेख असलेला सर्वांत जुना ज्ञात लेख अंगकोर बोरेईचा, इ. स. ६११ चा. तो अशीच एक यादी आहे. शेल्डन पोलॉक यांनी ‘द लँग्वेज ऑफ द गॉड्स इन द वर्ल्ड ऑफ मेन’ (२००६) या ग्रंथात या श्रमविभागणीवर मोठा सिद्धांत उभारला : वैभव बोलायचे ते संस्कृताने, व्यवहार नोंदवायचा तो देशी भाषेने.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. चाळीसगाव तालुक्यातल्या पाटणचा शके ११२८ चा लेख आठवावा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापला. त्यातले कुळाचे गुणगान संस्कृतात आहे आणि मठाला कोणत्या उत्पन्नातून काय द्यायचे ते मराठीत. मराठी भाषेचा अभ्यासक त्या लेखाच्या दुसऱ्या भागाकडे धाव घेतो, कारण आपली माणसे आणि आपली मापे तिथे भेटतात. मग कंबोडियात गेल्यावर आपण पहिल्याच भागाशी का थांबतो? ‘हे आपलेच’ असे म्हणताना आपण लेखाचा जो अर्धा भाग आपला मानतो, त्यात तिथला शेतकरी नसतो. तो दुसऱ्या अर्ध्यात असतो, आणि तिथे त्याच्यासाठी ‘क्ञुम्’ असा शब्द येतो : देवळाला वाहिलेला सेवक, बहुतेक वेळा दास. अशा याद्यांत माणसांची नावे आहेत, काही तर चक्क हेटाळणीची. आजच्या ख्मेर भाषेत सभ्यपणे ‘मी’ म्हणायचे असेल तर याच शब्दाचा वंशज वापरतात. पत्राखाली ‘आपला नम्र सेवक’ लिहिणाऱ्या आपल्या आधीच्या पिढ्यांना त्यातली गंमत कळेल, आणि वेदनाही.

सहाव्या क्रमांकाच्या महामार्गाने सिएम रीपकडे जाताना कम्पाँग क्देईचा जुना पूल लागतो. जांभ्या दगडाचा, वीसहून अधिक कमानींचा, दोन्ही बाजूंना नागाचे कठडे. बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या सातव्या जयवर्म्याच्या काळातला हा पूल मानला जातो. बाजूने नवा रस्ता होईपर्यंत महामार्गाची वाहने याच पुलावरून जात होती. पत्रिकेत त्याला ‘छायाचित्रासाठी थांबा : १५ मिनिटे’ एवढीच जागा होती. संध्याकाळी शाळेतून परतणारी मुले सायकलींवरून तो ओलांडत होती. वारसा आणि ग्रामजीवन हे दोन्ही रकाने ज्या एका जागी आपोआप एकत्र येत होते, तिथे आम्ही पंधरा मिनिटे थांबलो.

बायोनच्या बाहेरच्या सज्जातल्या शिल्पपट्टांसमोर मात्र मार्गदर्शक रंगून बोलला. वर चाम सैन्याशी नौकायुद्ध, आणि खालच्या पट्ट्यांत बाजार, कोंबड्यांची झुंज, स्वयंपाक, मासेमारी, बैलगाडी. “बघा, आठशे वर्षांत काहीच बदललेले नाही!” तो म्हणाला. दुपारी प्रीआ डाक गावात ताडाच्या रसाची कढई उकळताना दाखवत त्याने तेच वाक्य पुन्हा म्हटले. संपूर्ण कार्यक्रमपत्रिकेचा गाभा या वाक्यात आहे.

या वाक्यात थोडे सत्य आहे. १२९६-९७ मध्ये अंगकोरला राहिलेल्या झोउ दाग्वान या चिनी दूताने लिहून ठेवले आहे, की इथला व्यापार स्त्रिया चालवतात, दुकाने नसतात, जमिनीवर चटई अंथरून माल मांडतात आणि त्या जागेचे भाडे अधिकाऱ्याला भरतात. बायोनच्या पट्टातल्या बाजारातही स्त्रियाच आहेत, आजही आहेत. पण झोउचे भाडे विसरून चालणार नाही. त्याच्या वर्णनात बाजाराबरोबर सत्ता येते, घराबरोबर गुलाम येतात. तो परका होता, पूर्वग्रहांनी भरलेला होता, तरी त्याने राजवाडा आणि बाजार एकाच वृत्तांतात ठेवले. आमच्या पत्रिकेला ते जमले नाही.

‘काहीच बदललेले नाही’ या वाक्याखाली जे गाडले जाते ते अधिक गंभीर आहे. १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज राजवटीने शहरे रिकामी केली, चलन आणि बाजार बंद केले, खासगी मालकी संपवली. घरातली चूल बंद करून सामुदायिक भोजनगृहे आणली. या काळात १५ ते २० लाख माणसे मेल्याचा अंदाज आहे. म्हणजे बाजार, चूल आणि बैलगाडी, ज्यांत ‘सातत्य’ दाखवले जाते, त्या सगळ्याच गोष्टी मधल्या पावणेचार वर्षांत एक तर बंद तरी होत्या किंवा हिसकावलेल्या तरी होत्या. आज तिथे चूल पेटते ती आठशे वर्षे अखंड पेटत राहिली म्हणून नाही. १९७९ नंतर कुणीतरी ती पुन्हा पेटवली म्हणून. त्या राजवटीच्या झेंड्यावर अंगकोर वाटचे तीन कळस होते, आणि ज्यांनी अंगकोर उभारले ते काहीही करू शकतात, या दाव्यावर हेक्टरी तीन टन भाताचे उद्दिष्ट लादले गेले. सहाव्या दिवशी आम्ही त्रापेआंग थ्मा जलाशयावर सारस पाहायला गेलो. पत्रिकेत लिहिले होते : ‘पक्षीनिरीक्षण’. हा जलाशय १९७६-७७ मध्ये वेठीच्या श्रमांनी बांधला गेला. सारस सुंदरच होते, पण बांध कुणी घातला हे पत्रिकेत कुठेही नव्हते.

ता प्रोह्मला प्रवासी येतो तो झाडांच्या मुळांसाठी. सापडले त्या अवस्थेत एखादे देऊळ ठेवावे हा फ्रेंच अभ्यासकांचा विचारपूर्वक निर्णय होता. त्यामुळे ‘जंगलाने गिळलेले देऊळ’ ही प्रतिमा तयार झाली आणि तिने माणसे पुसली. याच देवळाच्या इ. स. ११८६ च्या लेखात माणसे मोजलेली आहेत : ३,१४० गावे, सेवेला लावलेले ७९,३६५ लोक, ६१५ नर्तकी. इथे माझ्या मांडणीला एक अपवाद नोंदवला पाहिजे. हा लेख संस्कृतात आहे आणि तरी हिशेब ठेवतो. म्हणजे वैभव संस्कृतात आणि हिशेब ख्मेरमध्ये ही विभागणी सर्वत्र काटेकोर नाही. पण या अपवादाने मूळ मुद्दा बळकटच होतो : राजाला स्वतःच्या पुण्याचे वर्णन करतानाही गावे वगळता आली नाहीत. २०१२ आणि २०१५ मध्ये हवेतून लेझर किरणांनी केलेल्या सर्वेक्षणांत देवळांच्या आवारात आणि भोवताली रस्त्यांच्या चौकटी, घरांचे उंचवटे आणि तळी दिसली. जिथे आपण आज रिकामे रान पाहतो, तिथे वस्ती होती.

हा प्रश्न केवळ अभ्यासकांपुरता असता, तर मी एवढे लिहिले नसते. अंगकोर १९९२ मध्ये जागतिक वारसा झाले. त्या उद्यानाच्या हद्दीत गावे आहेत. २०२२ पासून तिथली सुमारे १०,००० कुटुंबे हलवण्याचा कार्यक्रम सरकारने हाती घेतला. त्यांपैकी बहुतेकांना रुन ता एक या नव्या वसाहतीत भूखंड दिले. ही बेकायदा अतिक्रमणे होती आणि स्थलांतर स्वेच्छेने झाले, असे सरकारचे म्हणणे. २०२३ मध्ये ‘ॲम्नेस्टी इंटरनॅशनल’ने अहवाल काढून ते सक्तीचे विस्थापन असल्याचा आरोप केला. देवळांवर बांधकामांचा ताण येतो, पाण्याची पातळी सांभाळावी लागते, हेही खोटे नाही. पण वारसा एका रकान्यात आणि गाव दुसऱ्यात टाकायची सवय लागली, की गाव उचलून दुसरीकडे ठेवता येते असे वाटू लागते. पत्रिकेची दोन रकान्यांची रचना आणि हद्दीची रेषा यांमागचा विचार मला एकच दिसतो.

पर्याय नाही असेही नाही. शेवटचा मुक्काम बांतेय छमारला होता. १९९० च्या दशकाच्या अखेरीस इथल्या भिंतीवरील लोकेश्वराची शिल्पे कापून पळवली गेली. त्यांतली काही थायलंडमध्ये पकडली जाऊन नॉम पेन्हच्या संग्रहालयात परतली. इथे पाहुण्यांची सोय गावचीच समिती पाहते आणि उत्पन्नाचा काही भाग गावाच्या सामायिक कामांवर खर्च होतो. जिच्या घरी आम्ही उतरलो त्या बाईंनी प्राहोक घातलेली भाजी वाढली. मग देवळाच्या खंदकाकडे हात करून त्यांनी सांगितले, की उन्हाळ्यात याच पाण्यावर त्यांची गुरे जगतात. एवढ्या एका वाक्यात देऊळ आणि गाव पुन्हा एकत्र आले. त्यात सातत्याचा दावा नव्हता, पाण्याचा हिशेब होता. शिलालेखाच्या दुसऱ्या भागाची भाषा साधारण अशीच असते.

परतीच्या वाटेवर सिएम रीपच्या अलीकडे मार्गदर्शकाने गाडीचा वेग कमी केला. कार्यक्रम संपला होता, त्यामुळे तो आता निवेदन करत नव्हता. त्याच्या मावशीचे कुटुंब उद्यानाच्या हद्दीतून रुन ता एकला गेले, असे त्याने सांगितले. जुन्या अंगणातली ताडाची तीन झाडे मागेच राहिली, नव्या भूखंडावरची झाडे अजून गुडघ्याएवढी आहेत. प्रवाशांना कधी तिकडे नेता का, असे मी विचारले. “कुणी मागितलेच नाही,” तो म्हणाला. मी माझ्या हातातली पत्रिका पाहिली. शेवटच्या ओळीत लिहिले होते : ‘विमानतळाकडे प्रयाण’.