घरविक्रीच्या पत्रकांचे वाङ्मय

या पानांवर आम्ही सहसा कथासंग्रह, काव्यसंग्रह, क्वचित एखादे चरित्र यांचा परामर्श घेतो. या खेपेस एका निराळ्या वाङ्मयप्रकाराकडे वळत आहोत. तो फुकट मिळतो, गुळगुळीत कागदावर चार रंगांत छापलेला असतो, आणि आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबे तो जितक्या एकाग्रतेने वाचतात तितक्या एकाग्रतेने आमच्या माहितीतला कोणताही कवितासंग्रह वाचला जात नाही. घरविक्रीची माहितीपत्रके हा तो प्रकार. कादंबरी फसली तर वाचकाचे दोन-तीनशे रुपये जातात; पत्रकावर विसंबलेल्या वाचकाच्या मानेवर वीस वर्षांचे कर्ज बसते. एवढ्या परिणामाच्या लेखनाला समीक्षक नसावा, हे आम्हांला योग्य वाटत नाही.

आमच्यापुढे असलेली बहुतेक पत्रके पिंपरी-चिंचवड, चिखली, मोशी आणि चाकण येथील आहेत. मुलगा भोसरीला किंवा चाकणला कारखान्यात लागला म्हणून मुंबई-वसईची कुटुंबे, आणि पुण्याच्या लष्कर भागातील जुनी भाड्याची घरे सुटू लागली म्हणून तिथली कुटुंबे या पट्ट्याकडे पाहू लागली आहेत. जावे की न जावे, असा सल्ला विचारायला येताना ती पत्रके सोबत आणतात आणि परतताना ती आमच्या टेबलावरच राहतात.

या पत्रकांचा घाट ठराविक आहे. पहिल्या पानावर इतिहास, मधल्या पानांवर पोहण्याचा तलाव, शेवटच्या पानावर अंतरे. चित्रांतल्या कुटुंबात आई, वडील आणि दोन मुले असतात, आजी नसते. सज्जात कपडे वाळत घातलेले आम्ही अद्याप एकाही चित्रात पाहिले नाहीत.

इतिहासाचे पान आधी पाहू. प्रकल्प चिंचवडचा असेल तर मोरया गोसावींची समाधी आणि चापेकर बंधूंचा वाडा, चाकणचा असेल तर संग्रामदुर्ग, मोशी-चिखलीचा असेल तर एका अंगाला देहू आणि दुसऱ्या अंगाला आळंदी. नावे सगळी खरी आहेत. परंतु वाक्यात त्यांचे काम एकच, चौरस फुटाच्या दराला थोडे तेज आणणे. चाकणच्या भुईकोटात १६६० साली फिरंगोजी नरसाळ्याने शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्याला जवळजवळ दोन महिने थोपवून धरले. पत्रकात त्या प्रसंगाच्या वाट्याला ‘शिवकालीन’ हे एक विशेषण येते. चापेकरांच्या वाट्याला ‘क्रांतिवीरांची भूमी’ एवढे शब्द येतात. २२ जून १८९७ च्या रात्री पुण्यात रँडवर गोळी झाडली गेली, त्यामागे प्लेगच्या तपासणीच्या निमित्ताने शिपाई लोकांच्या माजघरापर्यंत शिरतात याचा संताप होता. हत्येचे समर्थन आम्ही करणार नाही. पण परक्याने दुसऱ्याच्या दारात कसे यावे, हा त्या इतिहासातला प्रश्न नव्या गावात घर घेणाऱ्यालाही लागू आहे, आणि नेमका तोच पत्रकातून गळतो.

त्याहून मोठी गळती विसाव्या शतकाची आहे. पत्रकातला इतिहास शिवकालातून उडी घेतो तो थेट क्लबहाऊसमध्ये उतरतो. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात येऊन राहिलेले सिंधी निर्वासित, १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा पेनिसिलीनचा कारखाना, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ आल्यानंतर उभी राहिलेली कारखान्यांची रांग, १९८९ चा टेल्कोचा संप, यांपैकी कशालाही तिथे जागा नाही. वास्तविक हेच या नगरीचे खरे चरित्र आहे. १९७० साली नगरपालिका आणि १९८२ साली महापालिका झालेल्या या गावांची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १७,२७,६९२ भरली. ही माणसे समाधीच्या दर्शनाला म्हणून राहायला आली नव्हती. तीन पाळ्यांत काम करायला आली होती. आमच्या मते चिंचवड ‘ऐतिहासिक’ आहे ते या दोन्ही अर्थांनी. त्यांतला एकच अर्थ विकाऊ ठरावा, यात विकणाऱ्याची अभिरुची दिसते.

आता काळ. मराठी व्याकरणात भविष्यकाळ आहे, पण या लेखकांना तो वर्ज्य दिसतो. जे होणार आहे ते ‘आहे’. याचे ठळक उदाहरण चाकणच्या विमानतळाचे. चाकण-राजगुरुनगर परिसरात आंतरराष्ट्रीय विमानतळ होणार, हा विषय वर्षानुवर्षे चर्चेत होता आणि त्याच्या बळावर त्या भागातल्या जमिनींचे भाव चढले. २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदरची जागा निश्चित झाली. विमानतळ गेला, त्याच्या आशेने दिलेला भाव मात्र परत आला नाही. मेट्रोचे तसे नाही, हे न्यायाने सांगितले पाहिजे. ६ मार्च २०२२ रोजी पिंपरी ते फुगेवाडी गाडी सुरू झाली, १ ऑगस्ट २०२३ पासून ती शिवाजीनगरच्या न्यायालयापर्यंत जाऊ लागली, आणि पिंपरीहून निगडीपर्यंतच्या विस्ताराला २०२३ मध्येच मंजुरी मिळाली. चाकणच्या पत्रकांत काढलेली मेट्रोची रेघ मात्र अजून कागदावरची रेघ आहे. वाचकाने प्रत्येक ‘आहे’पुढे पेन्सिलीने तारीख लिहावी. जिथे तारीख लिहिता येत नाही, तिथे त्या सोयीचे पैसे देऊ नयेत.

नदीचे वर्णन हा या वाङ्मयातला काव्याचा भाग. पवना आणि इंद्रायणी यांच्या काठाला इथे ‘निसर्गरम्य’ याखेरीज दुसरे विशेषण नाही. चिंचवडगावाला आपली नदी ठाऊक आहे. पवनेला मोठा पूर आला की मोरया गोसावींच्या समाधिमंदिरात पाणी शिरते, आणि गावाला त्याचे नवल वाटत नाही. देऊळ पाण्यासाठी जागा सोडून उभे आहे आणि माणसे वरच्या अंगाला राहिली आहेत. नव्या बांधकामांना हे शहाणपण जड जाते. चिखलीत इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर १७ मे २०२५ रोजी महापालिकेने पाडून टाकले; सर्वोच्च न्यायालयातही मालकांना दिलासा मिळाला नाही. त्यांत राहणाऱ्यांपैकी अनेकांनी आयुष्यभराची बचत त्या भिंतींत घातली होती. बांधकामे उभी राहत असताना पाहणारे डोळे कुठे होते, हा प्रश्न आम्हांला आजही सुटलेला नाही. परंतु पूररेषेचा नकाशा मागितला असता तर तो मिळाला असता. हीच गोष्ट देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवतीच्या दोन हजार यार्डांच्या रेड झोनची. निगडी, तळवडे, चिखली या भागांतील काही वस्त्या त्यात येतात, आणि तिथली घरे स्वस्त का, याचे उत्तर त्या एका नकाशात आहे.

‘परवडणारे’ या शब्दापाशी आम्ही सर्वांत अधिक वेळ थांबलो. कोणाला परवडणारे? घेणाऱ्याला म्हणाल, तर २०१९ च्या नोव्हेंबरपासून महापालिकेने दिवसाआड पाणी देण्यास सुरुवात केली आणि ती व्यवस्था पुढे वर्षानुवर्षे चालू राहिली. सोसायटीत टँकर येऊ लागला की परवडण्याचे गणित दरमहा नव्याने मांडावे लागते. हे पाणी पवना धरणाचे. ते बंद नळाने शहरात आणण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर उतरले, तेव्हा पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा जीव गेला. त्यांत एक स्त्री होती. प्राधिकरणाची आखीव, झाडीची वसाहत आमच्याही आवडीची आहे. पण १९७२ साली प्राधिकरण स्थापन झाल्यावर ज्यांच्या जमिनी त्यासाठी गेल्या, त्या शेतकऱ्यांना साडेबारा टक्के परताव्यासाठी पुढे कित्येक दशके झगडावे लागले. पत्रकात छापलेल्या किमतीत हे आकडे धरलेले नसतात. घर घेऊ नये, असा याचा अर्थ नव्हे. आपण कशाच्या बळावर स्वस्तात राहणार आहोत, हे घेणाऱ्याच्या कुटुंबात एकदा तरी मोठ्याने बोलले जावे.

वसईच्या वाचकांना हे आम्ही निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. वसई हीच एके काळी मुंबईची ‘ऐतिहासिक आणि परवडणारी’ उपनगरी म्हणून विकली गेली. किल्ला, चर्च, केळीच्या बागा, सगळे त्या काळच्या जाहिरातींना कामी आले. १९९० च्या आसपास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसईची माणसे रस्त्यावर आली, तेव्हा आपल्या घराघरांत बाहेरून येणाऱ्यांविषयी काय बोलले जात होते, ते पन्नाशीच्या पुढच्या वाचकांना आठवत असेल: यांना विहिरीचे मोल नाही, यांना आमची बोली कळत नाही, यांनी वाडीला प्लॉट करून टाकले. आता त्याच घरांतली मुले मोशी-चिखलीत बाहेरून येणारी ठरली आहेत. तिथला शेतकरी त्यांच्याकडे त्याच नजरेने पाहतो, आणि त्याचे फारसे चुकत नाही. आपल्याकडे या अनुभवाच्या दोन्ही बाजू आहेत. एवढे भांडवल कोणत्याही पत्रकाच्या लेखकापाशी नाही, आणि म्हणूनच वसईकरांनी ही पत्रके भाबडेपणाने वाचावीत याचे आम्हांला अधिक वाईट वाटते.

तरीही जावे का, असे विचाराल तर आमचे उत्तर होकारार्थी आहे. मात्र पत्रकात दाखवलेल्या ठिकाणीच असे नव्हे. नोकरी भोसरी-पिंपरीत असेल तर चिंचवड, आकुर्डी किंवा पिंपरीत रेल्वे स्थानकापासून पायी जाता येईल असे पंचवीस-तीस वर्षांचे जुने घर आम्ही नव्या मनोऱ्यातल्या घराहून श्रेष्ठ मानतो. त्याला तलाव नसेल, पण लोणावळ्याची लोकल आहे, शेजार आहे, आणि पाणी कोणत्या वर्षी कुठपर्यंत आले होते हे सांगणारी माणसे आहेत. भोगवटापत्र आहे का, सोसायटीच्या नावे जमिनीचे अभिहस्तांतरण झाले आहे का, प्राधिकरणाची जागा असेल तर ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली, एवढे पाहावे. शास्तीकर २०२३ मध्ये माफ झाला म्हणून बांधकाम अधिकृत झाले असे नाही. दोन गोष्टी निराळ्या आहेत, आणि विकणारा त्या मुद्दाम एकत्र बोलतो. नवीनच घर हवे असेल तर पत्रकावर महारेराचा नोंदणी क्रमांक शोधावा. २०१७ पासून तो छापणे बंधनकारक आहे, आणि पुष्कळदा तो सर्वांत बारीक अक्षरांत असतो. त्या क्रमांकावरून मंजूर आराखडा आणि ताब्याची कबूल केलेली तारीख पाहता येते. संपूर्ण पत्रकात तपासता येण्याजोगे वाक्य बहुधा तेवढेच असते.

चाकणला घर घ्यावे ते नोकरी चाकणलाच असेल तर. २००९ च्या सुमारास मोठे परदेशी मोटारकारखाने तिथे सुरू झाले. कांदा-बटाट्याच्या त्या जुन्या बाजारपेठेभोवती गावकऱ्यांनी कंत्राटी कामगारांसाठी भाड्याच्या खोल्या बांधल्या, आणि रस्ते पूर्वीचेच राहिले. तिथून रोज पुण्याला जाणाऱ्या माणसाची मुले त्याला फक्त रविवारी पाहतील. कुटुंबाच्या प्रार्थनेला बाप घरी असणे, ही सोय आम्ही क्लबहाऊसच्या वर धरतो.

शेवटच्या पानावरच्या अंतरांविषयी थोडे लिहायचे राहिले. शाळा, रुग्णालय, मॉल, सारे ‘पाच मिनिटांवर’ असते. ख्रिस्ती दफनभूमी किती मिनिटांवर आहे हे एकाही पत्रकात आम्हांला आढळले नाही; चित्रात आजी का नसते, याचा उलगडा कदाचित तिथे होत असावा. आजी असलेल्या कुटुंबांनी ते स्थानिक धर्मगुरूंना विचारून घ्यावे, आणि मिस्सा कोणत्या भाषेत किती वाजता होते हेही त्याच भेटीत विचारावे. राहिली ती पाच मिनिटे. घर दाखवायला एजंट रविवारी सकाळी नेतो, तेव्हा ती खरी असतात. आपण सोमवारी जावे, संध्याकाळी, पाळी सुटण्याच्या सुमारास, स्वतःच्या वाहनाने, आणि घड्याळ लावून तळेगाव-चाकण रस्त्यावर उभे राहावे.