क्षेपणास्त्राचे चित्र

नॅनोकणांतून कर्करोगाचे औषध देण्याविषयीच्या लेखांत एक चित्र हमखास असते : क्षेपणास्त्रासारखा कण गाठीवर नेम धरून निघाला आहे. हे चित्र आम्हांला खटकते. कणाला ना डोळे, ना इंजिन. तो रक्ताबरोबर वाहतो. वर प्रतिपिंडे चिकटवली तरी आधी तिथवर वाहत जावेच लागते. गाठीतल्या घाईने वाढलेल्या रक्तवाहिन्या सैल विणीच्या असतात. त्यांच्या फटींतून काही कण झिरपतात, इतकेच. पण किती? २००५ ते २०१५ मधील, मुख्यतः उंदरांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. टोचलेल्या मात्रेपैकी गाठीत पोहोचलेल्या भागाचा मध्यक होता अवघा ०.७ टक्के! बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात.

मग १९९५ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले डॉक्सिल निरुपयोगी का? मुळीच नाही. सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदपिशवीत बंद केलेले डॉक्सोरुबिसिन हृदयातल्या घट्ट विणीच्या रक्तवाहिन्यांबाहेर सहसा पडत नाही, म्हणून हृदयाला होणारी इजा कमी होते. (काहींच्या तळहात-तळपायांची साल मात्र निघते.) म्हणजे फायदा गाठीवर नेम बसण्यापेक्षा हृदय वाचण्यात अधिक दिसला. फळ्यावर चित्र काढायचेच तर त्यात हृदयही काढावे, आणि यकृताकडे जाणारा बाण सर्वांत जाड.